मावशीची चाल कुणी नेली

४ जाने., नांदेड
मावशीची चाल जमली एकदाची. कंबरेपाशी घोडं अडलं होतं. कॉम्प्युटरवरच्या आकृतीत सगळी हाडं बसवून झाली तरी म्हातारी फौजदारासारखी ताठ चालायची. आज कंबर जरा उजवीकडं पाडली, उजवा पाय बाहेरून फिरवून आणला, मधूनच हात मांडीवर टेकवला, आणि स्क्रीनवर औशाची मावशीच चालू लागली. आईला बोलावून दाखवलं. "अगं बाई, ही तर आक्का!" पदर तोंडाला लावून हसली.
दिवाळीत औशाच्या बाजारात तिचं चालणं मोबाईलवर शूट केलं होतं. मावशी तेव्हा म्हणालेली, "माझं चालणं काय बघतीस? ते काय चालणं हाय?"
फाईल लातूरला ओंकारकडं पाठवली. शेतीच्या गेममध्ये आपल्याकडचं गाव घालायचं, असा आमचा मॉड, म्हणजे तयार गेममध्ये आपण घातलेली भर. माणसं, घरं, बैल तो घडवतो. त्यांना चालवायचं काम माझं. गावाला म्हातारी मिळाली.

१९ जाने.
मॉडवाल्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरून राहिलाय. भुतांच्या गेमचा कुणाचातरी नवा मॉड. पडक्या विहिरीमागून हडळ निघते, अंगावर चिंध्या. थोडी चालली, आणि हात मांडीवर टेकवला.
चहा तसाच राहिला.
हळू करून परत परत बघितलं. पाय बाहेरून फिरतो, तोच. वळताना डावी टाच जमिनीत बुडते. ती माझी चूक, दुरुस्त करायची राहिलेली. चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली.
खाली लोक हसताहेत. 'लंगडी हडळ.' बनवणाऱ्याचं नाव खोटं, फोटोच्या जागी मांजर.
फाईल माझ्याकडं आणि ओंकारकडं. तिसरं कुणी नाही.

२० जाने.
ओंकारला फोन. मी एवढंच म्हणाले, "आपली चाल कुणीतरी वापरलीय."
"ती हडळ का?"
मी हडळीचं नावही काढलं नव्हतं.
मग म्हणे, ग्रुपवर सगळ्यांनीच पाहिलंय, मला पण तसंच वाटलं.
"मग सांगितलं का न्हाईस?"
"तुला वाईट वाटंल म्हणून."
मागं दुकानातून त्याच्या अप्पांचा आवाज, गिऱ्हाईक आलंय. भांड्यांचा खणखणाट. ठेवला फोन त्यानं. गिऱ्हाईक खरंच होतं, का...

२३ जाने.
आईला सांगितलं. "ते पोरगं तसलं न्हाई. आपल्या घरी जेवून गेलंय." जेवून गेलेला माणूस चोरत नाही, हा आईचा कायदा.
मग तीच म्हणाली, संक्रांतीला तुझा लॅपटॉप दुरुस्तीला होता की. होता. फाईल त्यातच होती. तो दुरुस्तीवाला रिकामा असला की गेम खेळत बसतो. हे मला आधी कसं आठवलं नाही? का आठवायचंच नव्हतं?
मांजरवाल्याला मेसेज टाकला. तक्रारही नोंदवली. उत्तर नाही.

३० जाने.
एक केलं. ओंकारला नवी फाईल पाठवली, म्हातारा ओट्यावर बसतो ती. उजव्या अंगठ्याला बारीकसा झटका घालून ठेवला. माहीत असल्याशिवाय दिसायचा नाही. ही फाईल दुसऱ्या कुणाकडं नाही, लॅपटॉपही घराबाहेर गेलेला नाही. हा झटका बाहेर कुठं दिसला तर...


२ फेब्रु.
ओंकारचा मेसेज. "अंगठ्याला झटका राहिलाय. चुकून का मुद्दाम? काढू का?"
"चुकून. काढ."
हसरा चेहरा पाठवला त्यानं.
इतकं बारीक दिसतं त्याला. जीव लावून काम करणाऱ्याला दिसणारच. नाहीतर मग, असं काही असेल म्हणून शोधणाऱ्याला.

१४ फेब्रु., लातूर
मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन परवा. मी सोबतीला आलेय. ओंकार दवाखान्यात डबा घेऊन आला. त्याच्या आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिलेली.
मावशीनं त्याच्यासमोरच विचारलं, "पोरी, मोबाईलातली ती हडळ मीच हाय ना गं?"
शेजारणीनं दाखवली म्हणे. गल्लीतली पोरं मागं लागतात, हडळ आली, हडळ आली. बाजाराला जायचंच सोडलंय तिनं. "ऑपरेशनला एवढी वर्सं न्हाई म्हणत होते. आता म्हणलं, करूनच टाका."
ओंकारनं डबा न उघडता स्टुलावर ठेवला आणि बाहेर गेला. आला तेव्हा तोंड धुतलेलं, कॉलर ओली.
मावशीचं वाईट वाटलं म्हणून? की...

१५ फेब्रु.
हडळ गेली. व्हिडिओ, मॉड, सगळं काढलेलं.
ओंकार म्हणाला, "मी बोललो त्याच्याशी."
"तुला भेटला कसा?"
"शोधला."
"कोण हाय?"
"हाय एक. आता गेलं ना, सोड की."
मला इतके दिवस उत्तर नाही, आणि याचं एका दिवसात ऐकलं. आभार मानावे का गचांडी धरावी, कळेना. दोन्ही राहिलं.
मावशीला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

९ मार्च, लातूर
तपासणीसाठी मावशीला आणलं. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात वॉकर धरून चालली. पाय सरळ पडतो. कंबर उजवीकडं पडत नाही. मागून पाहिलं तर मला ओळखूच आली नाही. आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण नजर तिची जुनी चालच शोधत राहिली.
बघते तर ओंकार शूट करून राहिलाय.
"कशाला?"
"नवी चाल. आपल्याला लागंल की."
मी काही म्हणायच्या आत मावशीच बोलली, "घे रे बाबा. सरळ चालले ते पण दाव लोकांला."
बाकावर बसल्यावर तिला बघायचं होतं. ओंकारनं मोबाईल माझ्या हातात दिला, कुलूप न लावता, आणि चहा आणायला गेला. सगळे मेसेज एका बोटावर. कुणाशी बोलला, काय बोलला, सगळं.
"लाव की," मावशी म्हणाली. लावलं. "ही मी?" परत लावायला सांगितलं. परत. मी तेवढंच लावत राहिले. बोट दुसरीकडं गेलं नाही, का मी नेलं नाही.
ओंकार चहा घेऊन आला. आधी मोबाईलकडं बघितलं त्यानं, मग माझ्याकडं.
"बघितलंस?"
"हाव," म्हणाले.
काय बघितलं, ते मी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.