माझा गल्ला पोराच्या फोनात

४ जून २०२०
कंपनी सुरू, माझे डबे बी सुरू. सणसवाडीत भाडेकरू पोरं परत आली. नोटा टोपलीत टाकायला लावते. साबणात बुडवून दोरीवर वाळवल्या, एका दहाच्या नोटेचा भुगा झाला. महेशनं खिडकीला स्कॅनचा कागद चिकटवला. "आई, हात लावायचं कामच न्हाई." माझा फोन बटणाचा, म्हणून खातं त्याचं. पोटचं पोरगं. व्हय म्हटलं.

१९ जून
बरं हाय. पोरं लांबनंच फोन दाखवून डबा उचलत्यात. नोटा धुवायचा ताप गेला.

१० ऑगस्ट
महेश जेवता जेवता, "आज सोळाच डबे का?" ताटावर बसून हिशेब! आजवर माझं मलाच ठाव असायचं. तेल-गॅसला मागितलं की देतो. पण मागावं लागतं.
पिठाच्या डब्यात चार नोटा खुपसून ठेवायची, लेक कुसुम कासुर्डीवरनं, सासरनं आली की तिच्या मुठीत. माझ्या आईनं मला असंच दिलं. घरातल्या गड्यांना त्यातलं कळू द्यायचं नसतं. आता डब्यात नुसतं पीठ.

३ डिसेंबर
रोग उतरला. सगळ्यांचे मास्क हनुवटीला. खडूनं लिहिलं, 'रोख द्या'. कोण ऐकतंय! एक बिहारी पोरगा म्हणतो,
"चाची, छुट्टा नहीं है."
नांदेडचा प्रमोद म्हणतो, "मावशी, पगार खात्यात येतो. एटीएमला कोण रांग लावंल?"
"मग रोगाचं भ्या सांगत हुतास ते?"
"तवा भ्यालो. आता सवय झाली."
पॅकिंगमधली सविता हळूच म्हणली, "काकू, नोट दिसली की नवरा हिसकावतो. फोनमधल्या पैशाचा पिन त्याला म्हाईत न्हाई."
तिचं खरंच हाय. माझंच नशीब उलटं.

२१ एप्रिल २०२१
परत तेच. दवाखाने भरले. कुसुमचा फोन. जावई दौंडला भरती, आता हिलाबी ताप. "आई, दौंडला जायला गाडीवाला लई मागतोय. सासूला सांगू नको." जन्मात पहिल्यांदा तिनं तोंडानं मागितलं.
महेशला सांगितलं. म्हणतो, "बघतो. दाजींना दोन भाऊ हायेत की."
पहाटे चारला उठून चपात्या मी लाटते आन् हा बघतो! सून भिंतीकडं तोंड करून बसली.

२२ एप्रिल
सकाळी विचारलं, पाठवले का? "नेट न्हाई." गेला निघून.
खिडकीच्या कागदावर कॅलेंडरचं पान लावलं. सविताला बोलावून उभी केली. सगळ्या डब्यांचे पैसे तिच्या फोनवर. एक जण कुरकुरला, म्हटलं, खायचंय का न्हाई? दुपारी सवितानं तिथनं कुसुमला पाठवले. "काकू, पोचले." चोरी केल्यागत दाराकडं बघितलं. माझेच पैसे!

रात्री
कुसुम फोन उचलत न्हाई. सहादा लावला. पैसे पोचले, ती दौंडला पोचली का? गाडीवाल्याचं नाव बी इचारलं न्हाई मी. जावयाचा फोन बंद. तिच्या सासूचा नंबर फकस्त महेशकडं.
तो उंबऱ्यात उभा हाय. "आई, आज पैशाचा एक बी मेसेज आला न्हाई. डबे केले न्हाईत का?"
वही मिटून उठते. नंबर मागायचा म्हंजी सगळंच सांगावं लागंल.