लायटरचे साचे

बाबा, गेल्या आठवड्यात नागपूरहून एक मुलगी घरी आली होती. भंडाऱ्यात कधीकाळी पितळेचे लायटर बनत, हे तिने कुठंतरी ऐकलं होतं. त्याचा इतिहास तिला लिहायचा होता. मी सगळं सांगितलं. स्टील आलं आणि तुमच्या पितळी गुंडांना, त्या पाण्याच्या भांड्यांना, कोणी विचारेना, तेव्हा एका ट्रक ड्रायव्हरने बंद पडलेला परदेशी लायटर दुरुस्तीला दिला. तुम्ही आणि मिस्त्रीकाका तो उघडून बसलात आणि अख्खा पावसाळा तसाच दुसरा घडवायच्या मागे होतात. पहिले लायटर खिशातच पेट्रोल गाळायचे. मग जमलं, आणि हायवेवरच्या पानठेल्यांवर आपले लायटर दिसू लागले. तिने विचारलं, साचे कुठे आहेत? मी म्हटलं, चोरीला गेले.

तुम्हालाही मी हेच सांगितलं होतं. तेव्हा प्लास्टिकचे लायटर आले होते, मिस्त्रीकाका सोडून सगळे कारागीर गेले होते, तरी तुम्ही रोज कारखाना उघडत होतात. मला कारखान्याच्या त्या खोलीत कम्प्युटर क्लास काढायचा होता. तुम्ही दवाखान्यात असताना मीच भंगारवाल्याला बोलावून साचे नेऊ दिले. घरी आल्यावर तुम्ही थेट तिकडेच गेलात. रिकाम्या फळीवरून हात फिरवताय, मला काही विचारताय, आणि माझ्या तोंडून चोरी हा शब्द निघून जातो. दुसरी किल्ली फक्त मिस्त्रीकाकांकडे होती.

दुसऱ्या दिवशी ते मोहाडीच्या बसने आले. तुम्ही त्यांना पायरीवरच थांबवलंत.

"किल्ली ठेव अन् जाय."

"मालक, मी कायले नेईन? माह्याच हातचे साचे होते ते."

तुम्ही तोंड फिरवलंत. मी दारातच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं. तरी ते किल्ली ठेवून गेले.

माझा क्लास दोन वर्षं चालला. तुम्ही त्या खोलीत एकदाही आला नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी मिस्त्रीकाका आले होते, फाटकाबाहेर उभे होते. मी त्यांना आत बोलावलं नाही.

ते अजून आहेत, बाबा. डोळ्यांनी दिसत नाही म्हणतात. त्या मुलीने त्यांचा पत्ता मागितला, तर मी सांगितलं, ते वारले.

हा कागद मी त्यांना लिहायलाच घेतला होता. वर खोडलंय ते 'काका' आहे.