झोपाळू कंटेनर

प्रिय ढब्बू,

पत्र बघून घाबरू नकोस, आई बरी आहे. फोनवर सांगायला गेले तर मला रडू आवरणार नाही, म्हणून लिहायला बसले.

पक्षाघाताने तिची वाचा गेली तेव्हा तू सुट्टी काढून आलास आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलास. मला वाटलं, झालं, यानं इथंही ऑफिस आणलं! पण तू तिच्यासाठी पायथन का काय त्या संगणकाच्या भाषेत ॲप लिहीत होतास. फोनवरचं चित्र दाबलं की तुझ्या आवाजात शब्द येणार: पाणी, उशी, पंखा, दुखतंय. तिने पहिल्यांदा उशीचं चित्र दाबलं, तर उशी द्यायची सोडून तूच रडत बसलास, वेड्या.

पण ते सगळं चालायचं तुझ्या लॅपटॉपच्या जिवावर. तू गेलास की ॲप मुकं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तू ते क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या संगणकावर, चढवायला घेतलंस. ॲपला लागणारं एकूण एक सामान एका कंटेनरमध्ये बांधून दिलं की ते कुठंही चालतं, असं मला समजावत होतास आणि मी नुसतीच मान डोलावत होते. ते मेलं चढेना! लाल अक्षरांवर लाल अक्षरं. शेवटी कळलं की ॲप चालू होतं, पण फक्त स्वतःचंच ऐकत होतं. बाहेरची हाक घ्यायला तू त्याला सांगितलंच नव्हतंस. मी म्हटलं, अगदी तुझ्यावर गेलंय. तू चिडलास, एक ओळ बदललीस आणि ते सुरू झालं.

तू गेल्यावर नवीनच तऱ्हा. बराच वेळ कुणी चित्र दाबलं नाही की कंटेनर झोपतो, आणि मग तो जागा होईपर्यंत फोन गप्प. आपलंच काही चुकलं असं वाटून आई बिचारी ओशाळून माझ्याकडे बघायची. म्हणून मी तुझ्या मागे लागले आणि येत्या रविवारी सेटिंग बदलून कंटेनर कायम जागा ठेवतो, असं तू कबूल केलंस.

ढब्बू, ते करू नकोस. आज दुपारी तिने पाण्याचं चित्र दाबलं. फोन ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि मागून आवाज आला, "बोल ना, मेल्या!" जड, अडखळता, पण तिचा. इतक्या महिन्यांनी! फोनमधला आवाज तुझा ना, तूच टाळाटाळ करतोयस असं वाटलं असेल तिला. मी तिला मिठी मारून हमसून हमसून रडले, आणि ती आपली फोनकडे बोट दाखवून रागावतेय. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई तरी केव्हापासून सांगतायत, शब्द सापडायला वेळ द्या, तुम्ही फार घाईने पुरवता. तेव्हा झोपू दे त्याला हवं तेवढं. आणि रविवारी फोन केलास की लगेच बडबड सुरू करू नकोस. कितीही वेळ लागला तरी गप्प बस. तिला आधी बोलू दे.

हसत, डोळे पुसत,
तुझीच ताई