चौथ्या मजल्यावरचं सुखी जोडपं

विष्णुपुरी, नांदेड
६ जानेवारी २०२५

ती. सौ. रेणुकाताईस,
सत्यमचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ‘आवाज कटून राहिला’ म्हणून निसटतो, तेव्हा पत्र लिही, असं तुझं फर्मान. घे, लिहून राहिलो. तसेही दहा ते सहा आमचे फोन दयानंद साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असतात. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर.

तर नोकरी लागून आठ दिवस झाले. वर्षातली ही चौथी, पण ही टिकेल, कारण हिच्यात काही करायचंच न्हाई. धरणाच्या पाण्याला लागून ‘गोदा हेरिटेज गोल्फ अँड यॉट रेसिडेन्सी’ म्हणून बारा मजले उभे राहिलेत. त्यातला एक फ्लॅट तयार हाय, चौथ्या मजल्यावरचा. त्यात मी राहतो. म्हणजे पगार घेऊन राहतो. माझं पदच ‘रहिवासी’. गिऱ्हाईक आलं की रिकामा कप घेऊन बाल्कनीत बसायचं आणि पाण्याकडं बघून समाधानी दिसायचं. फ्रिज पुठ्ठ्याचा हाय, सफरचंदं प्लास्टिकची. एक मी चावून बघितलंय.

सोबत बायको पण दिलीय, घाबरू नको. वर्षाराणी, बिलोलीची. तिचा खरा नवरा संगप्पा गोल्फची गाडी चालवतो. गेटपासून गिऱ्हाईक तोच आणतो आणि मग खाली उभा राहून वर आमच्या संसाराकडं बघतो. मी साहेबांना म्हणलो, ह्यालाच नवरा करा की. तर म्हणाले, तो नवरा वाटत न्हाई. वर्षाराणी-संगप्पाची तीन वर्षांची शिवानी मला पप्पा म्हणायचं एक चॉकलेट घेते.

यॉट म्हणजे मासेमारी सोसायटीची जुनी बोट, पांढरा रंग मारलेली. इंजिन मी चालू केलं, त्यावर साहेब लई खूष. गोल्फची नऊ बिळं, त्यातली पाच घुशींची. आणि हेरिटेज म्हणजे धरण बांधायच्या वेळची पंपाची खोली. तिला चुना लावून आत दोन तलवारी टांगल्यात. बाहेर पाटी, ‘स्थापना’. पुढं साल अजून ठरलं न्हाई.

मधेच आठवलं, परवा गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो तर शेजारी अमृतसरचा एक ट्रकवाला भेटला, त्याच्याबरोबर लडाखला जायचं जवळजवळ ठरलंच होतं. पण साहेबांनी दुसऱ्या दिवशी रहिवासी हजर पायजे म्हणून सांगितलेलं. बघ, किती सुधारलो.

आईला नोकरीचं सांग. कसली, ते सांगू नको. लोभ हायच तुझा, तो रागासकट चालू ठेव.

तुझा भाऊ
सत्यम


अहमदपूर
१४ जानेवारी २०२५

चि. सत्यम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आज संक्रांत, पण तुला तिळगूळ पाठवलेला नाही. तू आजवर गोड बोलूनच निभावलंयस.

मुद्द्याचं बोलते. तुला तिसावं लागलंय. चार स्थळं गेली. एकानं विचारलं मुलगा काय करतो, तर आई म्हणाली, सध्या हिमाचलला गेलाय. ते उठूनच गेले. आता लातूरचं एक स्थळ आलंय, तनुजा. सरकारी प्रयोगशाळेत विहिरी-हातपंपांचं पाणी तपासते. आमच्या शाळेत नमुने घ्यायला आली होती तेव्हा हेडमास्तरांना तोंडावर म्हणाली, तुमच्या टाकीत पाल आहे. मला तिथंच आवडली. तूही तिला उदगीरच्या लग्नात बघितलंयस आणि नंतर मला तीन वेळा विचारलंयस की ती पिवळ्या साडीतली कोण. मी विसरलेले नाही.

तिच्या मामांनी विचारलं, मुलगा कुठं असतो. मी म्हणाले, गोदावरीच्या काठाला, चौथ्या मजल्यावर राहतो. यात खोटं काय आहे सांग. तू राहतोसच. घर कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी शिक्षिका आहे, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मी कुणाला शिकवत नाही.

आता त्यांच्याकडचं कुणीतरी गुपचूप चौकशीला येईल. रीतच आहे ती. चहाच्या टपरीवर विचारतील, न्हाव्याकडं विचारतील, किराणावाल्याला विचारतील. सगळ्यांशी नीट वाग, दाढी कर, आणि देवासाठी पंधरा दिवस जागचा हलू नकोस. हे स्थळ गेलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात शब्द टाकणार नाही, आईही थकली आता.

तब्येत सांभाळ. प्लास्टिक खाऊ नकोस.

तुझी ताई
सौ. रेणुका


विष्णुपुरी
२८ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पिवळ्या साडीचं तू कशाला लिहून ठेवलंस? बरं असू दे. चौकशीची तयारी एकदम पक्की हाय. टपरीवाल्याकडं रोज दोन चहा पितो नि जाताना राम राम घालतो. न्हाव्याकडं आठवड्यात दोनदा गेलो, आता कापायला काही उरलं न्हाई. किराणावाला तर म्हणाला, असा पोरगा आमच्या गल्लीत न्हाई. मी म्हणलो, हेच म्हणायचं, पण कुणी विचारल्यावर. अजून तरी कुणी विचारून गेलं न्हाई.

सव्वीस जानेवारीला मात्र साइटवर जत्रा होती. त्यातलं एक गिऱ्हाईक सांगतो. सफारी घातलेला, काखेत छत्री, वय साठ. लातूरचाच असणार, कारण आल्या आल्या त्यानं नळ उघडला. लातूरकर कुणाच्याही घरी गेला की देवघर नंतर बघतो, नळ आधी. मोरीचा उघडला, बेसिनचा उघडला, संडासातला पण उघडला. पाणी कुठलं यायला? पाइप भिंतीपर्यंतच हाय. मी म्हणलो, आम्ही पाण्याची नासाडी नको म्हणून कॉक बंद ठेवतो. त्यानं एकदा खिडकीतून धरण बघितलं, एकदा नळ बघितला, मग मला बघितलं.

फ्लॅटचा भाव काही विचारला न्हाई. नाव विचारलं. नाव खरंच सांगायचा नियम हाय आमच्यात, खोट्या नावानं हाक मारली की माणूस वळत न्हाई. मग विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली. मी म्हणलो, चार झाली मामा, आणि कशी गेली कळलं न्हाई. मामा म्हणायला बरं वाटलं, माणूस घरगुती होता. वर्षाराणी लाजली. शिवानी नेमकी त्याच वेळी चॉकलेट न मागता पप्पा म्हणाली. ताई, असं काम माझं आजवर जमलं नव्हतं. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नि म्हणाले, सुखी राहा.

साहेबांनी मला ह्या महिन्याचा सर्वोत्तम रहिवासी केलंय. प्रमाणपत्र हाय.

आईला साष्टांग. माया पातळ करू नको.

सत्यम


अहमदपूर
३ फेब्रुवारी २०२५

सत्यम,

आशीर्वाद वगैरे नंतर.

छत्रीवाल्या गिऱ्हाइकाचं नाव मलप्पा. तनुजाचे सख्खे मामा. तू त्यांना मामा म्हणालास हे वाचून मी चूल बंद करून बसले.

ते लातूरला गेले, दोन तांबे पाणी प्यायले आणि घरच्यांना म्हणाले, पोरगा देखणा आहे, घर मोठं आहे, बायको गुणी आहे, पोरगी गोड आहे, फक्त आपल्या तनुजाची तिथं सोय होणार नाही. मग मला फोन केला. एक शब्द वाकडा बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, मॅडम, तुम्ही मुलांना शिकवता ना.

आता मी काय सांगू ते तूच सांग. बायको खोटी म्हणाले तर लगेच विचारतील, मग घर? घर खरं ठेवायचं तर बायकोही ठेवावी लागते. राहिली तर दोन्ही राहतात, गेली तर दोन्ही जातात. स्टँडपासून मार्केट यार्डापर्यंत तुझ्या गुपचूप संसाराची बातमी पोचलीय. आई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, पोरगी कुणावर गेलीय.

मी त्यांच्याकडं परत फोन करणार नाही. मी अर्धंच सांगितलं, त्याची लाज मला पुरेल. उरलेलं तुझं तू निस्तर, किंवा तुझ्या ट्रकवाल्याबरोबर लडाखला जा.

रेणुका


लातूर
९ फेब्रुवारी २०२५

श्री. सत्यम यांस,
स. न. वि. वि.

तुमचा पत्ता मी रेणुकाताईंकडून मागून घेतला. त्यांनी आधी तीनदा माफी मागितली, मग दिला. घरी हे पत्र माहीत नाही.

मामांनी जे बघितलं ते मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. आमच्या कामात नमुना कुठून घेतला हे आधी विचारतात. मामा म्हणाले, खिडकीखाली धरण होतं आणि तीन नळ कोरडे होते. चहा मिळाला का विचारलं, तर म्हणाले, कप होते, चहा नव्हता. मोरी कशी होती, तर म्हणाले, कोरडी ठाक, साबणसुद्धा कागदात गुंडाळलेला. ज्या मोरीत चार वर्षांत साबण उघडला नाही, तिथं तीन वर्षांचं लेकरू वाढत नसतं. म्हणजे त्या घरात कुणी राहत नाही, एवढा निष्कर्ष माझा मी काढला. पुढचा मला काढता येत नाही.

याआधीच्या स्थळानं स्वतःचा पेट्रोल पंप असल्याचं सांगितलं होतं. पंप खरा होता, ते तिथं गाड्यांत हवा भरत होते. काम वाईट नव्हतं, तेच सांगितलं असतं तर मी हो म्हणाले असते की नाही माहीत नाही, पण हसले तरी नसते.

घर कुणाचं आहे याची मला फारशी उत्सुकता नाही. तुम्ही काय करता, आणि कुणी सरळ विचारलं तर सरळ सांगता का, एवढं कळवा. उत्तर आलं नाही तर मामांचंच खरं धरीन आणि तुमच्या मिसेसना नमस्कार सांगीन.

कळावे. लोभाचं आत्ताच काही लिहीत नाही.

तनुजा


विष्णुपुरी
१६ फेब्रुवारी २०२५

कु. तनुजा यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ज्या पंपाच्या खोलीत बसून वाचलं तिला इथं हेरिटेज म्हणतात. पहिल्यांदा उत्तर लिहिलं ते लई सुंदर झालं होतं, म्हणून फाडलं.

घर माझं न्हाई. बायको संगप्पाची हाय, लेकरू त्याचंच हाय. मी पगार घेऊन तिथं राहत होतो, ते पण दहा ते सहा. झोपायला इथं पंपाच्या खोलीत यायचो, तलवारींच्या खाली. दहावीला दोनदा बसलो. आयटीआय अर्धं सोडलं, कारण मित्र गोव्याला चालला होता. त्यानंतर कुठं कुठं गेलो ते लिहायला बसलो तर हे पत्र लांबेल आणि तुम्हाला वाटेल की मी विषय टाळून राहिलो. तसं मी करतो, हे पण खरंच हाय.

येतं काय, तर इंजिन आणि मोटार. बिघडलेली मोटार समोर आली की मी तीन-चार तास जागचा हलत न्हाई. एवढा वेळ मी दुसऱ्या कशापाशी थांबलेलो न्हाई.

साहेब म्हणाले होते, मार्चपासून तुला बाराव्या मजल्यावर टाकतो, पगार दीडपट, आणि सोबत सासू-सासरे. इथलं बाहेर काही सांगायचं न्हाई, असं कागदावर लिहून दिलेलं होतं. म्हणून हे पत्र लिहायच्या आधी काल नोकरी सोडली. साहेबांना वाईट वाटलं. म्हणाले, तुझ्यासारखं समाधानी दिसणारं माणूस परत मिळणार न्हाई. एका पिशवीत सगळं सामान मावलं.

उद्यापासून अहमदपूरला मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसतो. घर आईचं, दोन खोल्या, मार्केट यार्डाच्या मागं. तिथं किती दिवस टिकेन, हे मला खरंच माहीत न्हाई. सहा महिने म्हणलो असतो, पण मग ते पण त्या फ्लॅटातल्या प्लास्टिकच्या सफरचंदासारखं होईल. उदगीरच्या लग्नात तुम्ही वाढप्याला गाळणं दाखवून विचारलं होतं की हे कधी धुतलं, तेव्हापासून तुम्ही लक्षात राहिलात, हे मात्र नक्की सांगता येतं.

ताईवर राग धरू नका. तिनं झाकलं ते माझ्यासाठी. मामांना मी फसवलं, त्यांचा हात अजून पाठीवर वाटतो. त्यांना हे पत्र वाचायला दिलं तरी चालेल.

लोभ मागायचं तोंड न्हाई, म्हणून नुसतं नाव लिहितो.

सत्यम


लातूर
१० मार्च २०२५

श्री. सत्यम यांस,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मामांना पत्र वाचायला दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, एवढं खरं कुणी लिहितं का, यातच काहीतरी आहे. मग छत्री घेऊन पुन्हा विष्णुपुरीला गेले.

वर तेच घर, तीच मिसेस, तीच पोरगी, फक्त बाल्कनीत नवरा दुसरा. मामा तिथंच सोफ्यावर बसले. चौकशी केली तेव्हा कळलं की तुम्ही गेल्यावर माणूस मिळेना, म्हणून साहेबांनी शेवटी संगप्पालाच वर बसवलं. त्या दोघांना मामांनी बराच वेळ नीट निरखलं. घरी येऊन म्हणाले, ही जोडी मात्र साफ खोटी वाटते. तो तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता आणि ती त्याला सारखी टोचून बोलत होती. गिऱ्हाईक टिकायचं नाही.

मग त्यांनी वर्षाराणीला बाजूला घेऊन तुमच्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, दीड महिना नवरा होता माझा, एकदा पण आवाज चढवला न्हाई, डबा आला की आधी पोरीला नि मला वाढायचा, जाताना बोटीचं पुन्हा बंद पडलेलं इंजिन दुरुस्त करून गेला, सांगितलं पण नव्हतं कुणी. पण बोलायला लागला की कुठून कुठं जातो, तेवढं सोसावं लागतं. संगप्पानं बाल्कनीतून मान डोलावली म्हणे.

मामांचं म्हणणं, त्यांनी आजवर सात स्थळांची चौकशी केली. टपरीवाले, न्हावी, शेजारी, सगळे झाले. खुद्द बायकोकडून माहिती मिळालेलं हे पहिलंच.

दुकानाच्या मालकांनाही मी परस्पर फोन केला होता. तीन आठवडे झाले, तुम्ही अजून तिथंच आहात म्हणाले. त्यांनाही आश्चर्य वाटत होतं.

येत्या रविवारी आम्ही अहमदपूरला तुमच्या आईंच्या घरी येतोय. रेणुकाताईंना मी वेगळं कळवलंय, म्हणजे या वेळी त्यांनी काही सांगायचं बाकी ठेवू नये. मामा उघडपणे येतील, मीही येईन. पहिल्या बायकोची काही हरकत नसल्यामुळं पुढचं बोलायला आमच्याकडून अडचण नाही, असा निरोप मामांनी याच शब्दांत द्यायला सांगितलाय.

आईंना नमस्कार. लोभाचं रविवारी समोरासमोर ठरवू.

तनुजा