झागोर्स्कची काच

ईडन प्रेरी, ३ मार्च २०२५

ती. दादास,
सुलेखाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आलं तर तू भांडतोस, म्हणून पत्र. माझ्या अमेयच्या हृदयाच्या झडपेचं दुसरं ऑपरेशन वीस तारखेला, गुरुवारी ठरलं आहे. पहिलं झालं तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि तू मॉस्कोत शिकत होतास. तिथल्या देवाला नवस बोल, असं आईने तुला कळवलं होतं. तू लिहिलंस, झागोर्स्कचा मठ दारातूनच बघून आलो, नवसबिवस काही बोललो नाही. आता मीच तिथे जाऊन बोलावं म्हणते. गाव कसं आहे ते कळव.

तुझ्या मायेची धनीण,
सुलेखा

हर्नडन, ८ मार्च

चि. सुलेखास अनेक आशीर्वाद.

सत्तरी ओलांडलीस, जन्मभर डॉक्टरकी केलीस, पण अक्कल नागपूरच्या देवघरातच ठेवून आलीस.

ऐक त्या गावाची थोरवी. जवळजवळ सातशे वर्षांपूर्वी सर्गी नावाचा साधू एकांतासाठी जंगलात झोपडी बांधून बसला. लोक मागोमाग आले, बाजार भरला. पुढे पोलंडच्या फौजेचा सोळा महिने वेढा पडला, मठ टिकला. झाला चमत्कार. तटाची भिंत जाड होती हे कोणी बोलत नाही. मग बोल्शेविकांनी मठ बंद केला, घंटा खाली फेकल्या आणि गावाला आपल्या एका पुढाऱ्याचं नाव दिलं, ते झागोर्स्क. महायुद्धानंतर मठ त्यांनीच पुन्हा उघडला आणि त्यांचं राज्य गेल्यावर जुनं सर्गियेव पोसाद हे नाव परत आलं. दगड तोच, फक्त शेंदूर बदलला.

गावात लाकडी खेळणी बनतात. मठात तरी दुसरं काय चालतं? म्हाताऱ्या विहिरीच्या पाण्यासाठी बाटल्या घेऊन रांग लावतात. साधूच्या अस्थी ठेवलेल्या चांदीच्या पेटीवरच्या काचेला एकामागून एक ओठ टेकतात. काच बर्फासारखी गार, तोंडाला मेणाची चव येते. जंतूंचं तुला मी काय सांगावं? मुकाट्याने अमेयच्या उशाशी बस.

अमेयच्या बायकोला आशीर्वाद, तुझ्या भोळेपणाला कोपरापासून नमस्कार.
शशिकांत

ईडन प्रेरी, १२ मार्च

ती. दादास सा. न.

मी भोळी असेन, पण चाळीस वर्षं पेशंटच्या थापा ऐकल्या आहेत. दारातून बघणाऱ्याला काच गार असल्याचं कसं कळलं? मेणाची चव कोणाच्या तोंडाला आली? आईशी खोटं का बोललास, ते मरू दे. काय नवस बोललास तेवढं सांग. फेडायचा राहिला असेल तर मी तिकीट काढते.

रागावलेली, तरीही तुझीच,
सुलेखा

हर्नडन, १५ मार्च

चि. सुलेखास आशीर्वाद.

बोललो होतो. दोन तास रांगेत उभा होतो. देव नाही हे वर्गात सगळ्यांत मोठ्याने सांगणारा मीच, आईला कोणत्या तोंडाने लिहिणार? तिथली प्रार्थना येत नव्हती, म्हणून मराठीत बोललो. नारळ नव्हता, पेढे नव्हते. जवळ होतं ते सोडतो म्हणालो. पोरगा उठला तर देवाधर्माबद्दल पुन्हा वाकडा शब्द काढणार नाही.

पोरगा उठला. त्यानंतर शेहेचाळीस वर्षं मी काय केलं, ते तू ऐकतच आली आहेस.

तिकीट काढू नकोस. हा नवस इथूनच फेडायचा आहे. मला फार भीती वाटते आहे, सुलू. त्या साधूवर माझा अजूनही काडीचा... हे वाक्य मी पुरं करत नाही.

गुरुवारी ऑपरेशन संपलं की फोन कर. तोवर मला चिडवू नकोस, तोंडातून काही निघून जाईल.

तुझा दादा