फोटोच्या कडेला

सोलापूर,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शिवामामा,

नमस्कार.

"फुल-फ्रेम कॅमेऱ्यातनं जास्तीचं काय दिसतंय गं?" असं तू मागे फोनवर विचारलंस. मी "नंतर सांगते" म्हणून फोन आईच्या हातात दिला. मामा, त्याचं उत्तर मला आजही देता येत नाही. सात रस्ता चौकातल्या दुकानात जाऊन तो कॅमेरा डोळ्याला लावून आले, तरी देता येत नाही.

इकडे सगळे बरे आहेत. अप्पांच्या कारखान्यात सध्या एकच पाळी चालते, त्यामुळे ते दुपारी घरी असतात आणि आईला विड्या कशा बांधाव्यात ते शिकवतात. आई म्हणते, "चादरी विणणाऱ्यानं विडीत नाक खुपसू नये." चेतनाची बारावीची परीक्षा कालपासून सुरू झाली. इंग्रजीचा पेपर बरा गेला म्हणते. तुझी आता धांदल असेल. धरणाचं पाणी मागं हटायला लागलं की लोक पाण्याच्या मोटारी पुढं ओढतात आणि त्या जळून तुझ्याकडे येतात. वाइंडिंग करताना चष्मा लावत जा. हे गमतीनं सांगत नाही.

दोन-तीन दिवस तुझे फोन उचलले नाहीत, त्याबद्दल माफ कर. फोनवर तू मला काही बोलू देत नाहीस, मध्येच हसवतोस. म्हणून पत्र लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मध्ये कुणाची मोटार आली तरी.

आधी कॅमेऱ्याचं सांगते.

मी पदवीधर झाले तेव्हा तू जुना कॅमेरा आणून दिलास. "आपल्या दोन्ही घरांतली पहिली ग्रॅज्युएट, तिला पेढे काय द्यायचे," म्हणालास. त्या कॅमेऱ्यावर मी पोट भरायला शिकले. पण त्याचा फोटो टिपणारा सेन्सर लहान आहे. उजेड कमी पडला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात. आपल्या वस्तीतल्या विडीवाल्या बायकांचा जन्मात एकच फोटो निघतो, विडी कामगाराच्या कार्डासाठी, आणि त्यात त्या पकडून आणल्यासारख्या दिसतात. प्रत्येकीचा एक तरी असा फोटो काढायचा की तिनं तो स्वतः भिंतीवर लावावा, हे मी तुला कितीदा बोलले आहे. त्या बायका अंधाऱ्या खोल्यांत बसतात. फ्लॅश मारला की तोंड फिरवतात. त्यासाठी मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेम, कॅमेरा हवा, हे सगळं खरं आहे. मी त्यात खोटं काही बोलले नाही.

पण मी तो मागायला लागले ते इंद्रायणीच्या लग्नानंतर.

आठवतंय ना ते लग्न? इंद्रायणी माझी कॉलेजातली मैत्रीण, आणि तू नवऱ्या मुलाकडून आलेला. संध्याकाळच्या अक्षता होत्या. दुसऱ्या दिवशी तू फोन करून म्हणालास, "लई मोठी फोटोग्राफर झालीस की! मामा हात करून करून दमला, वळून बघितलं पण न्हाईस. आता आपल्या साखरपुड्याला तरी बघशील का माझ्याकडं?" मी म्हटलं, "कामात होते." आई शेजारीच होती, ती लाजल्यासारखं हसली. तिला वाटलं मी तुला बघून लाजले.

मामा, तू आलेला मला माहीतच नव्हतं.

फोटो कॉम्प्युटरवर टाकले तेव्हा तू सापडलास. पहिल्या फोटोत डाव्या कडेला, खांबाला टेकून. पुढच्यात तिथंच, हात वर केलेला. मग दोन्ही हात. मग तोंड वाकडं करून वेडावताना. मी इतक्या जवळून फोटो काढत होते आणि तू चार पावलांवर उभा होतास. कॅमेऱ्यानं तुला पाहिलं होतं, मी नाही.

मला कारण लगेच सापडलं. जुन्या कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीतून पूर्ण चौकट दिसतच नाही, कडेचा थोडा भाग झाकलेला राहतो. माहितीपुस्तकात तसं छापलेलं आहे. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. फुल-फ्रेम घेतला की चौकट मोठी, उजेड जास्त, कडा स्वच्छ. तुला मी हेच समजावलं. तू म्हणालास, "साडी-अंगठी सगळेच देतेत. मी तुला साखरपुड्याला कॅमेराच देतो. कुठला ते तू ठरव." आणि मला न सांगता दुकानात पैसे भरून मोकळा झालास.

जिना उतरताना मी कठडा का धरते, संध्याकाळची कामं का नाकारते, चहाचा कप माझ्याच हातून का सांडतो, याचा दोष कॅमेऱ्याला देता येत नव्हता. त्यासाठी माझ्याकडे दुसरं वाक्य होतं. "लक्ष नव्हतं." वर्षभर ते पुरलं.

दुकानातले तौहीदभाई तुझ्यावर फार खूश आहेत. "मामा असावा तर असा," म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, हितं उजेडात काय बघता? मागं गोडाऊनमधी चला. तितं कळंल काय चीज हाय."

त्यांनी गोडाऊनचं दार लोटलं. मला काही दिसेना, म्हणून मी होते तिथंच उभी राहिले. कॅमेरा डोळ्याला लावला.

मामा, खोली उजळली. शिडी दिसली, एकावर एक रचलेली खोकी दिसली, खिळ्याला टांगलेली छत्री आणि तिची मोडलेली काडी दिसली. आतल्या छोट्या पडद्यावर त्या अंधाराचा उजेड झाला होता. किती दिवसांनी मी अंधारात काहीतरी बघत होते! मी कॅमेरा खालीच घेईना. तौहीदभाई हसायला लागले. "घरी न्या की, तुमचाच हाय."

मग त्यांनी विचारलं, "खालच्या कडेला आकडे दिसतेत ना, हिरवे? ते बघून सेटिंग करायचं."

आकडे नव्हते. डोळा खाली फिरवला तेव्हा आकडे आले, पण शिडी गेली. डोळा वर नेला, शिडी आली, आकडे गेले. पुन्हा करून बघितलं. पुन्हा तसंच. चौकट पूर्ण होती. कॅमेऱ्यात खोट नव्हती.

मी कॅमेरा खाली घेतला, पुढे पाऊल टाकलं आणि आत्ताच बघितलेल्या त्या शिडीवर जाऊन आदळले.

"अरे अरे मॅडम! दिसली न्हाई?"

"लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

तिथून मी घरी न येता डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. एका यंत्रात हनुवटी टेकवायची आणि ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. थोडे ठिपके दिसले, मग बराच वेळ काहीच नाही. मी तिथल्या ताईंना सांगितलं, "तुमचं यंत्र बंद पडलंय." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चालू आहे. तुम्ही समोर बघत राहा."

डॉक्टर चांगले होते. त्यांनी घाई केली नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे म्हणाले, आधी अंधारातलं जातं, मग कडा आत आत येतात, मधलं बरीच वर्षं राहतं. किती वर्षं, ते सांगता येत नाही. यावर औषध आज तरी नाही. मग विचारलं, "आई-वडील नात्यातले आहेत का?" मी सांगितलं, अप्पा म्हणजे आईचे सख्खे मामा. आजी-आजोबा? तेही आते-मामे भावंडं. "घरात आणखी कुणाला संध्याकाळनंतर कमी दिसतं?" मी नाही म्हटलं.

जिना उतरताना पायरीवर थांबले. मला कमलम्मा मावशी आठवली.

तुझी थोरली बहीण, आणि तुला वेगळं काय सांगू? दिवे लागले की कॉटवरून न हलणारी. सासरच्यांनी कामचुकार म्हणून परत धाडलेली. "सूर्य मावळला की हिचे हातपाय मावळतेत," असं अज्जी म्हणायची आणि आपण सगळे हसायचो. मीही हसलेय. आता तर तिला दिवसाही दिसत नाही, आणि आपण म्हणतो वयानं झालं. वय काय रे तिचं!

मी परत वर गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. माझं लग्न कुणाशी ठरतंय तेही सांगितलं. त्यांनी कागदावर गोल आणि चौकोन काढून समजावलं. तुझे डोळे चांगले असले तरी हा दोष तुझ्या रक्तात लपलेला असू शकतो, तसा तो आईच्या आणि अप्पांच्यात होता. मला तर तो आहेच. आपल्या मुलांना तो येण्याची भीती फार मोठी आहे. नात्याबाहेर लग्न झालं तर ती खूप कमी.

आईला सांगितलं तेव्हा ती विडीला दोरा गुंडाळत होती. हात थांबला नाही.

"कमलक्काचं पण असंच सुरू झालं हुतं," ती म्हणाली.

तिला कळलं होतं, मामा. माझ्याही आधी. म्हणून ती वर्षभर संध्याकाळी माझ्यासोबत चेतनाला पाठवत होती.

"कुणाला बोलू नगं. साखरपुडा होऊ दे. शिवा परका न्हाई. लगीन झाल्यावर सांग, तो काय टाकणार न्हाई तुला."

"आणि पोरं, आई?"

"पोरांचं देव बघंल." मग तिच्या मांडीवरचं विड्यांचं सूप कलंडलं आणि ती रडायला लागली. "हे बाहेर गेलं तर चेतनाला कोण करंल गं? आणि मी माझ्या माहेराला कुठल्या तोंडानं जाऊ?"

चेतनाला मी परीक्षेआधीच तपासून आणलं. तिचे डोळे चांगले आहेत. ती डॉक्टरांसमोर रडली, स्वतःसाठी नाही. तिनं मला घरात डोळे मिटून चुलीपासून दारापर्यंत चालताना पकडलं होतं. तेव्हा "अक्का, आंधळी कोशिंबीर एकटीच खेळतीस काय?" म्हणून हसली होती.

आता सगळ्यांत अवघड ते लिहिते. आईचं म्हणणं खरं होतं. तू मला टाकणार नाहीस. तू म्हणशील, "असू दे की, चालतंय." पोरं नकोत म्हणशील. तुझा तो आवाज मला लिहितानाही ऐकू येतोय. हे लग्न घरच्यांनी ठरवलं, मला कुणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. हे एकदाच लिहितेय, पुन्हा कधी बोलणार नाही. म्हणून तर मला गप्प बसावंसं वाटलं. रोज वाटलं. कॅमेरा घ्यावा, तो डोळ्याला लावावा, अंधारातही दिसेल आणि तूही राहशील. डोळे जायच्या आधी वस्तीतल्या सगळ्या बायकांचे फोटो काढून होतील. एवढं सगळं एका गप्प बसण्यात मिळत होतं. मामा, मी देवापुढे बसून "मला खोटं बोलायची ताकद दे" असं मागितलं आहे. बी.कॉम.ला पहिला वर्ग मिळवलेली मी!

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं अक्कलकोटला अज्जीकडे गेले, उजेडात परत येता यावं म्हणून. आईला सांगून गेले. ती दारात उभी राहिली, पण अडवलं नाही.

अज्जी चुलीपुढे भाकरी थापत होती. मावशी कॉटवर. मी डॉक्टरांचा कागद समोर धरून सगळं सांगितलं.

"डॉक्टरला काय कळतंय आमच्या घरचं?" अज्जी भडकली. "माझं लगीन नात्यातलं. तुझ्या आईचं नात्यातलं. कुणाला काय झालं?"

"मला झालं की, अव्वा," कॉटवरून मावशी अज्जीला म्हणाली.

अज्जीचा हात परातीतच राहिला. मावशी उठून बसली होती. भिंतीकडे तोंड करून, कारण आम्ही कुठे आहोत ते तिला नीट कळत नव्हतं.

"म्हंजे मी आळशी नव्हते," ती म्हणाली. "ऐकलंस काय, अव्वा? मी आळशी नव्हते."

तव्यावरची भाकरी करपली. कुणी उचलली नाही. मग अज्जी तशीच पिठाच्या हातांनी उठली आणि मावशीच्या कॉटवर जाऊन बसली. तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, मावशीचं सगळं तोंड पांढरं झालं. इतक्या वर्षांत अज्जीला तिच्याजवळ बसलेलं मी बघितलं नव्हतं. निघताना अज्जीनं मला फक्त एवढं विचारलं, "शिवाला विचारलंस?"

मी म्हटलं, "नाही. तो हो म्हणेल म्हणून नाही विचारलं."

आता तू रागावशील. रागव. मावशीला भेटायला जा, आणि संध्याकाळी जा, दिवे लागल्यावर. तिचा हात धरून तिला अंगणात आण.

तुझा पहिला कॅमेरा मी ठेवून घेतलाय. उन्हात तो अजून उत्तम चालतो. काल दुपारी आईला दारात बसवलं, सूप मांडीवर, उजेड तोंडावर. मला तिचं तोंड दिसलं तर हात दिसत नव्हते, म्हणून आधी एक बघितलं, मग दुसरं, आणि मग बटण दाबलं. फोटोत दोन्ही आलेत. तिनं तो भिंतीवर लावायला सांगितलाय.

लग्नातले तुझे फोटो सोबत पाठवतेय. तुझ्याकडे बघायचं नव्हतं म्हणून मी वळले नाही, असं मनात ठेवू नकोस. तू फोटोत होतास, माझी नजर तिथपर्यंत पोचली नाही.

अज्जीला सांगून आले आहे, आपलं लग्न होणार नाही. तुझ्यासाठी नात्याबाहेरची मुलगी बघायला सांगितलंय. सोमवारी सात रस्त्यावर जाऊन तो मोठा कॅमेराही नको म्हणून सांगितलं. तौहीदभाईंनी तुझे पैसे परत पाठवलेत. त्याचा मेसेज तुला आलाच असेल.

तुझी भाची, आणि भाचीच,
महेश्वरी