पाटीवरचे डॉक्टर

९ जून

चि. गुंड्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू नुसता हं हं करतोस आणि मागे तुझ्या इमर्जन्सी वॉर्डातलं कुणीतरी कण्हत असतं, म्हणून आपलं पत्रच बरं. पत्रातून तुला मधेच पळता येत नाही.

शहाण्या, स्टँडजवळ तुझ्या मित्राने नवं हॉस्पिटल काढलं, पाटीवर तुझं नाव सगळ्या डिग्र्यांसकट झळकतंय, आणि मला ते भाजी आणायला जाताना कळावं? खाली लिहिलंय, सरकारी विम्याचं कार्ड इथे चालतं. आधी तुला मनातल्या मनात झोडपलं आणि मग लायब्ररीत पुस्तक बदलायला येईल त्याला सांगत सुटले. शिंपीकाकांनी तर कात्रीच खाली ठेवली. तुझा पहिला पांढरा कोट त्यांनी शिवला, त्यामुळे निम्मा डॉक्टर त्यांचाच. काउंटरवरची मुलगी म्हणते, डॉक्टर गुरुवारी येतात. मी दोनदा डोकावले, तू नाहीस. बहिणीच्या गावात येऊन बहिणीलाच टांग? सापड तर खरा, कान धरते की नाही बघ.

रागावलेली आणि तरी वाट बघणारी,
ताई

१७ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दोन्ही कान जपून ठेवलेत, काळजी नसावी.

अगं, त्या पाटीचं एवढं काय घेऊन बसलीस! विमा योजनेत यायचं तर इमर्जन्सीची डिग्री असलेला डॉक्टर हॉस्पिटलात असावाच लागतो, आणि लहान गावात यायला कुणी तयार होत नाही. म्हणून मी. अधूनमधून येतो, घाईत असतो, तसाच परत फिरतो. तू मात्र गावभर दवंडी पिटू नकोस. गुडघा कसा आहे? लायब्ररीच्या शिडीवर चढायचं बंद कर.

लोभ वाढवावा, राग आवरावा.
तुझा गुंड्या

२ ऑगस्ट

चि. गुंड्यास आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात एका सकाळी शिंपीकाका कापड बेतताना एका अंगाला कलले. कात्री पडली, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. त्यांची सून धावत माझ्याकडे आली. तिने रिक्षा थांबवलीच होती, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायला. तो तासाभराच्या रस्त्यावर. मीच म्हटलं, कशाला, स्टँडजवळ चल, तिथे कार्ड चालतं, माझा भाऊ आहे तिथे. हे मी म्हटलं, गुंड्या.

तिथे डॉक्टर येतायत, येतायत म्हणून आम्हाला दुपारपर्यंत थांबवून ठेवलं. मी तुला फोन लावत होते, तू उचलत नव्हतास. एक दाढीवाला कोवळा पोरगा, नुकताच डॉक्टर झालेला, काकांचा हात धरून बसला होता. शेवटी त्यानेच धीर करून सांगितलं, इथे कुणी येणार नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे म्हणाले, मेंदूतली गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली. जीव वाचला. उजवा हात गेला.

आणि ऐक. आता जीभ जरा वळायला लागलीय, तर काका भेटेल त्याला सांगतायत की तूच त्यांचा हात धरून बसला होतास. मी मान डोलावली. त्यांच्या तोंडावरचा आनंद मला मोडवेना. आता ते सुनेकडून तुझ्यासाठी नवा कोट बेतून घेतायत, खिशावर तुझं नाव भरून. माप विचारलं नाही, त्यांना पाठ आहे.

त्या दिवसानंतर मुद्दाम फोन केला नाही, तुझा आला तोही उचलला नाही. फोनवर तू मला परत गुंडाळलं असतंस. कुठे होतास? सरळ लिही.

ताई

८ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी इथेच होतो, माझ्या वॉर्डात. त्या हॉस्पिटलात मी फक्त उद्घाटनाला आलो. गुरुवार, अधूनमधून, सगळं खोटं. मित्राने गळ घातली, मी माझं रजिस्ट्रेशन वापरू दिलं. फक्त नाव तर द्यायचंय, गरिबांची सोय होईल, असं स्वतःला समजावलं आणि वर स्वतःची पाठही थोपटली.

तुझे फोन वाजत होते तेव्हा माझ्यासमोर काकांसारखाच एक पेशंट होता. त्याला मी तेच इंजेक्शन दिलं. घरी जाताना त्याने माझा हात दाबला. उजव्या हाताने. ताई, मला तेव्हा बरं वाटलं होतं. तुझं पत्र वाचल्यापासून तो हात डोळ्यांपुढून हलत नाही.

मित्राला सांगितलं, नाव काढ. तो म्हणतो, मग योजना बंद, आणि डायलिसिसचे पेशंट कुठे जातील? त्यांची तिथे खरंच सोय होते, हे मला नाकारता येत नाही. पण पाटी वाचून उद्या आणखी कुणी आत शिरलं तर? योजनेच्या ऑफिसला आणि मेडिकल कौन्सिलला मी सगळं कळवलंय. रजिस्ट्रेशन काढून घेतील बहुतेक. घेऊ देत.

गुरुवारी येतो. खराखुरा. काकांना तू काही सांगू नकोस, ते माझ्याच तोंडून निघायला हवं.

लोभ मागायचं तोंड नाही.
गुंड्या

१९ ऑगस्ट

चि. गुंड्यास आशीर्वाद.

काकांना सगळं सांगून तू जिना उतरून गेलास तेव्हा तुझ्यामागे यायला हवं होतं. पण मी काकांपाशीच थांबले. तू तुझं बोललास, माझं बोलायचं राहिलं होतं. मी काकांना सांगितलं की त्या वाटेला त्यांना मीच लावलं, आणि मान डोलावली तीही खोटीच.  त्यांनी सुनेला कोट आणायला सांगितला. डाव्या हातात छोटी कात्री धरून खिशावरच्या तुझ्या नावाचा एकेक टाका उसवला. आम्हाला हात लावू दिला नाही. मला रडू आलं तर म्हणाले, पोरी, दिवा जरा जवळ धर.

पाटी उतरली. डायलिसिसवाले आता पहाटेच्या बसने मोठ्या दवाखान्यात जातात. त्यांतल्या एका बाईंनी मला लायब्ररीत विचारलं, कार्ड का बंद झालं. मी सगळं सांगितलं, तुझंही आणि माझंही. त्यांनी पुस्तक परत केलं आणि दुसरं न घेताच गेल्या.

चौकशीचं काय होतंय ते कळव. जेवत जा वेळेवर. लोभ तुटलेला नाही, एवढंच आज लिहवतं.

तुझी ताई

ता. क. कोट काकांनी त्या दाढीवाल्या पोराला दिला. तो घेईना, म्हणाला, मी तर काहीच केलं नाही. काका म्हणाले, तू होतास ना.